डाकोटा : एका मालवाहू विमानाची कामगिरी

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे दिल्लीहून निघालेली डाकोटा विमाने त्याच सकाळी श्रीनगरच्या विमानतळावर उतरू लागली. जम्मू-काश्मीर संस्थानच्या सामीलनाम्यावर आदल्याच दिवशी सही झाली होती. टोळीवाले बारामुल्लापर्यंत येऊन ठेपले होते आणि तेथून श्रीनगर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर दूर होते. पठाणकोट, जम्मू व बनिहालवरून जाणाऱ्या खडतर रस्त्याने फौज पाठविण्यास लागणारा अवधी हाती नव्हता. पहिल्या शीख पलटणीचे अधिपती लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय आपल्या जवानांसह विमानातून उतरले व तसेच बारामुल्लाच्या दिशेने निघाले. त्या वाटेवरील लढाईत ते धारातीर्थी पडले. परंतु श्रीनगरचा विमानतळ हातचा गेला नाही आणि पुढील कुमक येत राहिली.

ही कामगिरी ज्या विमानाने केली त्याचा जन्म मात्र युद्धासाठी झालेला नव्हता. अमेरिकेतील डग्लस कंपनीने लांबच्या प्रवासात चौदा प्रवाशांना निजण्याची सोय व्हावी म्हणून हे विमान तयार केले. १७ डिसेंबर १९३५ रोजी त्याने प्रथम उड्डाण केले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर बत्तीस वर्षे होत होती. डीसी-३ या नावाने ते प्रवासी कंपन्यांच्या पसंतीस उतरले. पुढे युद्धाची गरज निर्माण होताच त्याच्या डाव्या अंगाला सामानासाठी रुंद दुहेरी दार बसविण्यात आले, तळ मजबूत करण्यात आला आणि सी-४७ हे लष्करी रूप सिद्ध झाले. ‘डाकोटा’ हे नाव ब्रिटिश हवाई दलाने दिलेले. आपल्याकडे तेच रूढ झाले. युद्धकाळात अशी दहा हजारांच्या आसपास विमाने तयार झाली.

बाराशे अश्वशक्तीची दोन इंजिने, अठ्ठावीस सैनिक किंवा सुमारे पावणेतीन टन माल, ही त्याची क्षमता आजच्या मानाने अल्पच म्हणावी लागेल. त्यात उणिवाही होत्या. शेपटाखालील लहान चाकामुळे जमिनीवर असताना विमान मागे कललेले राही आणि माल चढावर ढकलत न्यावा लागे. आतील हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. तथापि त्याचे पंख विलक्षण चिवट होते, चाके मोठी होती आणि ते कमी वेगात, थोड्या जागेत, प्रसंगी गवताळ मैदानावरही उतरू शके. आमच्या मते त्याचे खरे मोल या शेवटच्या गुणात होते. मार्च १९४४ मध्ये पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानातून इंफाळ-कोहिमा आघाडीवर खेचरे व तोफांसह हवाईमार्गे नेण्यात आली, त्यात डाकोटा विमानांचा मोठा वाटा होता.

फाळणीनंतर भारतीय हवाई दलाजवळ डाकोटांची एकच तुकडी उरली, ती म्हणजे बारावी स्क्वाड्रन. श्रीनगरचा भार तिला एकटीला पेलणारा नव्हता. म्हणून खाजगी विमान कंपन्यांची डाकोटाही या कामी लावण्यात आली व त्यांचे मुलकी वैमानिक लष्करी माल घेऊन खोऱ्यात जाऊ लागले.

पूंछची कथा याहून कठीण आहे. वेढ्यात सापडलेल्या या गावात शिबंदीबरोबर हजारो निर्वासित अडकले होते आणि तेथे विमानतळच नव्हता. सैनिक व निर्वासितांनी मिळून डिसेंबर १९४७ मध्ये काही दिवसांतच धावपट्टी तयार केली. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिच्यावर प्रथम डाकोटा उतरवून दाखविले. त्यानंतर पहाडी तोफा, दारूगोळा व धान्य येऊ लागले आणि परतीच्या खेपेत जखमी व निर्वासित बाहेर पडू लागले. वेढा नोव्हेंबर १९४८ मध्ये उठला. तोवर गाव तगले ते या पट्टीच्या आधारावर.

लडाखमध्येही असेच घडले. १९४८ च्या हिवाळ्यात लाहुलचे अधिकारी पृथी चंद मूठभर सैनिकांसह बर्फाच्छादित झोजी खिंड ओलांडून लेहला गेले. त्यांच्यासमवेत सोनम नोर्बू हे लडाखी अभियंता होते. त्यांनी स्थानिक लोकांच्या श्रमातून साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर धावपट्टी सिद्ध केली. २४ मे १९४८ रोजी मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन मेहर सिंग तेथे उतरले. या विमानासाठी ती शिखरे फारच उंच होती आणि मार्ग कोणी पूर्वी आखून दिलेला नव्हता. काही दिवसांतच गुरखा सैनिक विमानाने आले व लेह वाचले. सोनम नोर्बू यांचे नाव या इतिहासात वैमानिकांच्या बरोबरीने यावयास हवे. ते क्वचितच येते.

शांततेच्या काळातही या विमानाला उसंत नव्हती. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ही सेवा प्रामुख्याने डाकोटांनीच चालविली.

११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइल येथे दुसरी छत्री पलटण उतरविण्यात आली, तेव्हा एएन-१२, पॅकेट व कॅरिबू विमानांबरोबर डाकोटाही होती. ही पलटण मूळची तिसरी मराठा. १९५२ मध्ये तिचा समावेश छत्री रेजिमेंटमध्ये झाला. तिने लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडविली.

एव्हाना डाकोटाची जागा नवी विमाने घेऊ लागली होती. कानपूर येथे बांधलेली ॲव्हरो विमाने आली, १९८४ पासून एएन-३२ आली आणि त्या दशकाच्या अखेरीस डाकोटा सेवेतून बाहेर पडले. पुढे ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले एक डाकोटा उडत भारतात आणले गेले आणि मे २०१८ मध्ये हिंडन तळावर हवाई दलात दाखल झाले. त्याला ‘परशुराम’ हे नाव देण्यात आले असून त्यावर व्हीपी-९०५ हा क्रमांक रंगविला आहे. श्रीनगरच्या मोहिमेतील एका डाकोटाचा हाच क्रमांक होता.