पत्ता नीट विचारावा

माझे बाबा उल्हासनगरला पोस्टमन होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबं राहायला आली. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण पत्त्यात कॅम्पचे आणि बॅरेकचे नंबर राहिले ते राहिलेच. बीटवर निघण्याआधी बाबा टपाल बॅरेकच्या क्रमाने लावत, मग एकेका बॅरेकमधलं खोलीच्या क्रमाने. त्यात अर्धा तास गेला तरी पुढची पायपीट वाचते, असं ते म्हणत.

मी गेली अठरा वर्षं बदलापूरहून लोकलने जाऊन डेटाबेस सांभाळते. माझं काम त्यांच्या कामापेक्षा फार वेगळं नाही.

बँकेतली शिल्लक, रेल्वेचं आरक्षण, दवाखान्यातला केसपेपर, या सगळ्या नोंदी डेटाबेसच्या तक्त्यांत असतात. त्यांना विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. आपण काय हवं ते सांगायचं आणि कुठून कसं शोधायचं ते यंत्राने ठरवायचं, हा विचार आयबीएममधल्या एडगर कॉड यांच्या १९७० च्या लेखातून पुढे आला. वाट ठरवणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजून स्वस्त वाट निवडायची, ही त्याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. ती आजही चालते.

इंडेक्स म्हणजे बाबांनी लावलेलं टपाल. तो नसेल तर यंत्र तक्त्यातली प्रत्येक ओळ वाचत सुटतं. असेल तर कोट्यवधी ओळींतली एक तीन-चार पायऱ्यांत सापडते. पण क्रम महत्त्वाचा. बॅरेक, मग खोली असा इंडेक्स असताना कुणी नुसतंच ‘खोली नंबर ६’ विचारलं, तर त्याचा फारसा उपयोग नाही, कारण सहा नंबरची खोली बॅरेकोबॅरेकी असते. आणि इंडेक्स फुकटही नसतो. नवी नोंद आली की प्रत्येक इंडेक्समध्ये तिची जागा करावी लागते. म्हणून दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावणं हा उपाय नव्हे.

एकदा रात्री दोन वाजता फोन आला. महिनाअखेरचा थकबाकीचा अहवाल, एरवी मिनिटभरात येणारा, पाऊण तास झाला तरी येईना. मोठा सर्व्हर घेऊ या, अशी चर्चा सुरूही झाली होती. मी आधी प्लॅन काढला, म्हणजे ऑप्टिमायझरने धरलेली वाट. त्याच्या अंदाजाने तीनशे ओळी यायच्या होत्या, प्रत्यक्षात आल्या चार लाख. थोड्याच ओळी आहेत असं समजून तो प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या तक्त्यात वेगळी फेरी मारत होता.

दोष त्याचा नव्हता. त्याच्याकडची तक्त्यांविषयीची आकडेवारी जुनी होती. आमच्या बदलापूरचंच बघा. तिथली लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. जुना आकडा धरून पाण्याची योजना आखली तर नळ कोरडे राहणारच. आम्ही आकडेवारी ताजी केली. क्वेरीचं एक अक्षरही न बदलता अहवाल वीस सेकंदांत आला.

हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. अंबरनाथला गाडीत चढणाऱ्या, माझ्याहून ज्येष्ठ ताईंनी डब्यात उभ्या उभ्या कागदावर प्लॅनची झाडं काढून ते समजावलं. त्या दुसऱ्या कंपनीत होत्या, पण आमच्या व्यवसायात ती भिंत आड येत नाही. मध्यरात्री अडलेल्याचा फोन उचलायचा, हा आमच्यातला रिवाज आहे. पोस्टग्रेससारखा अव्वल डेटाबेस जगाला मोफत मिळतो, तोही अनेक देशांतल्या लोकांनी आपलं काम मोकळेपणाने वाटल्यामुळेच.

आता कल्याणच्या पुढच्या गावांतली मुलं-मुली या कामात येतात, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगते. क्वेरी अडली की लगेच नवा सर्व्हर मागू नका. आधी प्लॅन वाचा, अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवा, आणि दोन्हींत फरक कुठे पडतो ते शोधा. आणि तुम्हाला ते सापडलं, की शेजारच्याला दाखवा.