परदेशातून घरी पत्र टाकताना

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून आपल्या वस्त्यांतील उपासक-उपासिका लुंबिनीलाही जातात. सोनौलीची हद्द ओलांडली की नेपाळ. पाट्यांवरची अक्षरे आपल्याच वळणाची, त्यामुळे परक्या मुलखात आलो असे वाटत नाही. पोस्टाच्या हिशेबी मात्र तो परदेशच! घरून नेलेले पोस्टकार्ड तिथल्या पेटीत टाकून उपयोग नाही. पत्र ज्या देशात टाकायचे, तिकीट त्याच देशाचे लागते. श्रीलंकेत आणि दुबईतही हाच नियम. पुढे आपला पोस्टमन त्या पत्राचे वेगळे पैसे मागत नाही. १८७४ साली बर्न येथे देशोदेशींच्या पोस्टखात्यांचा तसा करार झाला आणि १८७६ साली हिंदुस्थान त्यात आला.

पत्त्याच्या शेवटच्या ओळीत इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत देशाचे नाव लिहावे. तिथला कारकून तेवढेच पाहतो. पिनकोड आणि खोली नंबर आपल्याकडे कामाला येतात. एका चाळीत चार कांबळे अन् तीन गायकवाड असतात, म्हणून खोली नंबर विसरू नये. इंग्रजी येत नसेल तर निघण्यापूर्वीच मुलांकडून पाच-सहा पाकिटांवर पत्ता लिहून घ्यावा. आखातात गेलेल्या मुलांनी उत्तरासाठी कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर कळवावा. पगाराच्या गोष्टी उघड्या कार्डावर लिहू नयेत, ते सारी चाळ वाचते! पाकिटात नोटा तर मुळीच घालू नयेत.

फोन असताना पत्र कशाला, असे पोरे विचारतील. फोनवरचे बोलणे आजीला उशाखाली ठेवता येत नाही, एवढेच आम्ही सांगू.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९२० साली लंडनला. तेव्हा टपाल आगबोटीने जाई. लंडनहून मुंबईला पत्र यायला दोन-अडीच आठवडे लागत. इकडे मूल तापाने फणफणले, हे रमाईने कळवावे आणि बाबासाहेबांचे उत्तर हाती पडेपर्यंत महिना उलटून जावा. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असे! लंडन ते कराची विमानटपाल १९२९ साली सुरू झाली, म्हणजे गोलमेज परिषदेच्या जेमतेम आदल्या वर्षी.

आजही पत्राला दिवस लागतातच. म्हणून लुंबिनीला पोहोचल्याच दिवशी कार्ड टाकावे आणि वर तारीख घालावी. परतीच्या दिवशी टाकाल, तर कार्डाआधी तुम्हीच घरी पोहोचाल.