यादीचें दार : उघडें कीं बंद?

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास जीं क्रियापदें लवकरच भेटतात, त्यांत ‘इन्क्लूड’ हें एक आहे. त्याचा अर्थ विचारला असतां ‘समावेश होणें’ किंवा ‘अंतर्भाव करणें’ असें उत्तर तत्काळ मिळतें. आणि शब्द सोपा म्हणून पुढें कोणी त्याचा विचार करीत नाहीं. परंतु ज्या शब्दांविषयीं आपणांस शंका येत नाहीं, तेच पुष्कळदां घात करितात. एखादी वस्तु कशाकशाची झालेली आहे हें सांगतांना या क्रियापदाचा स्वभाव ओळखला नाहीं, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहूनही अर्थ बिघडतो. आणि मृत्युपत्रांत, करारांत वा कायद्यांत असा अर्थ बिघडला म्हणजे त्याचें मोल माणसांस मोजावें लागतें.

प्रथम दोन घरगुती उदाहरणें घेऊं. दिवाळीच्या फराळांत चकली, करंजी आणि चिवडा यांचा समावेश होतो, असें म्हटल्यानें लाडवांस कोणी हद्दपार केलें असें होत नाहीं. ही यादी उघडी आहे. तीन पदार्थ नमुन्यादाखल सांगितले, बाकीचे ऐकणाऱ्यानें जाणावे. आतां पंचामृत घ्या. दूध, दहीं, तूप, मध आणि साखर या पांचांचें मिळून पंचामृत होतें. येथें सहाव्यास प्रवेश नाहीं आणि पांचांतील एकही गाळतां येत नाहीं. ही यादी बंद आहे. इंग्रजींत पहिल्या ठिकाणीं ‘इन्क्लूड’ शोभतें. दुसऱ्या ठिकाणीं ‘कन्सिस्ट ऑफ’ किंवा ‘कॉम्प्राइझ’ हवें. ‘पंचामृतांत दूध व मध यांचा समावेश होतो’ हें वाक्य खोटें नाहीं. पण त्याच्या भरंवशावर पूजेची तयारी करणाऱ्या नवख्या माणसाची फसगत ठरलेली.

हेन्री फौलर यांनीं हा भेद नेमका सांगितला आहे. हे गृहस्थ १८८२ पासून १८९९ पर्यंत इंग्लंडांत सेडबर्ग येथील शाळेंत शिक्षक होते, व त्यांचा इंग्रजी प्रयोगांचा प्रसिद्ध कोश १९२६ सालीं निघाला. ‘इन्क्लूड’ म्हटलें असतां सर्व घटक सांगितलेच आहेत असें गृहीत धरूं नये. ‘कॉम्प्राइझ’ म्हटलें असतां मात्र यादी पुरी झाली असें समजावें, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

व्युत्पत्ति पाहिली तर मौज वाटते. ‘इन्क्लूड’ हा शब्द बंद करणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला. ‘क्लोज’ हा शब्द त्याच कुळांतला. म्हणजे मूळ अर्थ ‘आंत कोंडणें’, आणि आजचा व्यवहार मात्र दार उघडें ठेवण्याचा! आपल्या ‘समावेश’ शब्दांत ‘विश्’ धातु आहे; त्याचा अर्थ प्रवेश करणें. आंत कोण आलें हें तो सांगतो. मागें आणखी कोणी उभें आहे कीं नाहीं, याविषयीं तो मौन पाळतो. ‘कॉम्प्राइझ’च्या मुळाशीं ‘एकत्र पकडणें’ हा भाव आहे. मूठ मिटली कीं आंत आहे तेवढेंच.

संस्कृताच्या अभ्यासकांस हा विचार नवा नाहीं. पाणिनीय परंपरेंत शब्दांचे जे गण सांगितले आहेत, त्यांतील कांहीं ठराविक आहेत. सर्वादि गणांत पस्तीस शब्द, ते मोजून घ्यावेत. कांहीं गण मात्र ‘आकृतिगण’ होत. तेथें दिलेले शब्द हे मासले, त्याच आकृतीचा दुसरा शब्द शिष्टांच्या प्रयोगांत आढळला तर त्यासही त्या गणांत जागा आहे. शास्त्रकारांनीं एकास परिगणन म्हटलें, तर दुसऱ्या प्रकारच्या उल्लेखास उपलक्षण. दह्याजवळ बसविलेल्या मुलास ‘कावळ्यांपासून दहीं सांभाळ’ असें सांगितलें, म्हणून तो मांजरास तें खाऊं देत नाहीं. कावळा हें दहीं नासणाऱ्या सर्वांचें उपलक्षण आहे, हें मुलासही कळतें. ‘इन्क्लूड’ हें उपलक्षणाचें क्रियापद, ‘कॉम्प्राइझ’ हें परिगणनाचें. मात्र उघड्या दारांतून वाटेल तो आंत शिरतो असें नव्हे. आकृति जुळली पाहिजे.

न्यायशास्त्रांत हा भेद फार वजनाचा आहे. न्यूझीलंडमधील डिलवर्थ खटल्याच्या निकालांत लॉर्ड वॉटसन यांनीं सांगितलें कीं, व्याख्येंत ‘इन्क्लूड’ हें क्रियापद सामान्यतः शब्दाचा अर्थ विस्तृत करण्यासाठीं येतें. क्वचित् संदर्भ तसा असेल तर तें पुरी यादीही दर्शवूं शकतें. आपल्या राज्यघटनेंत दोन्ही रीति दिसतात. कलम ७९ प्रमाणें संसद ही राष्ट्रपति व दोन सभागृहें यांची मिळून बनते. ही यादी बंद. कलम १२ मध्यें मात्र ‘राज्य’ या शब्दांत कोणाकोणाचा समावेश होतो तें सांगून शेवटीं ‘इतर प्राधिकरणें’ असा शब्दप्रयोग केला आहे. त्यामुळेंच राजस्थानच्या वीज मंडळासही मूलभूत हक्कांचें बंधन लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालय १९६७ सालीं म्हणूं शकलें.

परंतु दार उघडें असूनही माणसें अडविलीं जातात, याचा दाखला आपल्याच देशांत आहे. १९१६ सालीं रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनीं वकिलीसाठीं केलेला अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयापुढें आला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा, असा अर्थनिर्णयाचा नियम कायद्यांत होता. मात्र विषय वा संदर्भ विरुद्ध नसेल तरच, अशी त्यास मर्यादा होती. न्यायालयानें त्या मर्यादेचा आधार घेऊन अर्ज फेटाळला. १९२१ सालीं पाटण्यास सुधांशुबाला हाजरा यांच्या अर्जाचीही तीच गत झाली. त्याच वर्षीं नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांस अलाहाबाद येथें मात्र प्रवेश मिळाला. अखेर १९२३ सालीं स्वतंत्र कायदा होऊन, केवळ स्त्री म्हणून कोणी वकिलीस अपात्र ठरणार नाहीं हें स्पष्ट झालें.

कॅनडांत १८६७ च्या कायद्यांतील ‘पात्र व्यक्ति’ या शब्दांवरून असाच वाद झाला. सिनेटवर नेमण्यास पात्र अशा व्यक्तींत स्त्रिया येत नाहींत, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२८ सालीं ठरविलें. आणि १८ ऑक्टोबर १९२९ रोजीं लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलच्या वतीनें लॉर्ड सँकी यांनीं, येतात, असा निर्णय दिला. कायद्याचें एक अक्षरही बदललें नव्हतें. प्रश्न होता तो यादींत कोणाचा समावेश होतो एवढाच, आणि त्यावर निम्म्या समाजाचा अधिकार टांगलेला होता.

आपल्या मराठी लिखाणांत या भेदाकडे हल्लीं फार दुर्लक्ष होतें. ‘समितींत पांच सदस्यांचा समावेश आहे’ असें वाचल्यावर समिति पांचांचीच, कीं पंधरांतील पांचांचीं नांवें दिलीं, हें कळावयास मार्ग नसतो. ‘समिति पांच सदस्यांची आहे’ असें साधें मराठी लिहिलें असतें तर शंका उरली नसती. मृत्युपत्रांत ‘घरांतील चीजवस्तु, ज्यांत भांडीं, कपाटें व पलंग यांचा समावेश आहे, त्या माझ्या पत्नीस द्याव्या’ असें लिहून कोणी निघून गेला, तर शिवणयंत्र कोणाचें आणि ग्रंथसंग्रह कोणाचा, यावरून सख्ख्या भावांत अबोला पडूं शकतो. तेथें ‘एवढ्याच वस्तु’ किंवा ‘यांसह घरांतील इतर सर्व चीजवस्तु’ असें लिहिणें हेंच शहाणपण.

म्हणून सुज्ञ वाचकांस सुचवावेंसें वाटतें कीं, यादी लिहितांना प्रथम स्वतःस विचारावें : एवढेंच, कीं आणखी कांहीं? एवढेंच असेल तर ‘मिळून होतें’ किंवा ‘बनलेलें आहे’ म्हणावें. आणखी असेल तर ‘समावेश होतो’ म्हणावें आणि उरलेलें कोणत्या जातीचें तेंही सूचित करावें. घरांतील मुलांस इंग्रजी शिकवितांनाही हा प्रश्न विचारण्याची संवय लावावी. शब्दाचा अर्थ ती कोशांतून मिळवितील. यादीबाहेर कोण राहिलें हें पाहण्याची दृष्टि मात्र कोणीतरी द्यावी लागते.