घरच्या ध्वनिमुद्रणातील बिघाड : कसा शोधावा, कसा टाळावा?

गाण्याचे ध्वनिमुद्रण म्हणजे मोठा स्टुडिओ, तासाचे भाडे आणि वादकांचा ताफा, असे समीकरण एकेकाळी होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटवर घरोघरी पोहोचले, त्या काळात सामान्य गायकाला ते दार सहसा बंदच असे. आज नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे येथील एक-दोन खोल्यांच्या घरातही ऑडॅसिटी किंवा रीपर यांसारख्या सॉफ्टवेअरवर भीमगीत मुद्रित करता येते. मात्र संगणकावर गोड वाजणारे गाणे तयार फाईलमध्ये फाटते, तुटते किंवा अर्धवट येते, अशी तक्रार होतकरू कलावंतांकडून वारंवार ऐकू येते. १४ एप्रिल तोंडावर आला असताना असे घडले की धीर सुटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम रेंडर म्हणजे काय ते पाहू. गायकाचा आवाज, ढोलकी, हार्मोनियम, कोरस वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. रेंडर करताना सॉफ्टवेअर या सर्वांची बेरीज करून एकच फाईल लिहिते. प्रोजेक्ट नीट जतन केलेले असेल तर मूळ ट्रॅक शाबूत राहतात. तेव्हा रेंडर बिघडले म्हणजे गाणे गेले, असे मुळीच समजू नये.

आता लक्षणे पाहू.

आवाज फाटतो : ट्रॅकची बेरीज शून्य डेसिबलच्या वर गेली की फाईलमध्ये लहरींचे माथे कापले जातात. मुख्य पातळी कमी करून सर्वांत मोठा आवाज उणे १ डेसिबलच्या खाली ठेवावा. एमपी-३ करताना माथे किंचित वाढतात, त्यासाठी ही जागा सोडायची.

पट्टी चढते : ४४,१०० सॅम्पल रेटवर मुद्रित केलेला आवाज ४८,००० समजून वाजवला गेला, तर तो सुमारे ९ टक्के वेगाने धावतो. चार मिनिटांचे गाणे ३ मिनिटे ४० सेकंदांत संपते आणि हार्मोनियमच्या सुमारे दीड पट्टीने वर जाते. प्रोजेक्ट, मुद्रण आणि रेंडर या तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवावा.

टकटक ऐकू येते : काम करताना टकटक येते पण फाईलमध्ये येत नाही, तर संगणकाची दमछाक होत आहे, बफर वाढवावा. फाईलमध्ये दरवेळी त्याच जागी येत असेल, तर दोष बहुधा मूळ मुद्रणात किंवा दोन तुकड्यांच्या सांध्यात आहे. तेथे छोटा फेड द्यावा. दरवेळी जागा बदलत असेल, तर एखाद्या प्लग-इनचा संशय घ्यावा. सॉफ्टवेअरमध्ये सोय असल्यास गाण्याच्याच वेगाने, म्हणजे रिअल टाइममध्ये रेंडर करून पाहावे.

वाद्य गायब, शेवट तुटका : म्यूट आणि सोलोची बटणे तपासावीत. रेंडरसाठी निवडलेला भाग गाण्याच्या पुढे काही सेकंद वाढवावा, म्हणजे शेवटचा घुमारा कापला जात नाही.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर? बँकेत दिवसअखेर हिशेब जुळला नाही की आम्ही सगळी व्हाउचरे एकदम चाळत नाही. गठ्ठे पाडून फरक कोणत्या गठ्ठ्यात आहे ते शोधतो. येथेही तेच करावे. निम्मे ट्रॅक बंद ठेवून रेंडर करावे. दोष उरला तर तो चालू निम्म्यात, गेला तर बहुधा बंद निम्म्यात. मग त्या निम्म्याचे पुन्हा दोन भाग. सोळा ट्रॅक असले तरी चार फेऱ्यांत दोषी ट्रॅक सापडतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रेंडर पुन्हा करता येते, पण मुद्रण पुन्हा करता येईलच असे नाही. वस्तीतील ज्येष्ठ गायक-गायिकांना शेकडो गीते मुखोद्गत आहेत आणि त्यांतील कित्येक कोठेही छापलेली नाहीत. त्यांचा आवाज मुद्रित केल्यावर तयार एमपी-३ हाती आली म्हणून मूळ ट्रॅक पुसू नयेत. स्टिरिओ वेव्ह फाईल मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. आजच्या पेनड्राइव्हच्या मानाने ती नगण्य आहे. मूळ फाईल दोन निरनिराळ्या ठिकाणी जतन करावी, तयार फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावी आणि मगच ती इतरांना पाठवावी. मूळ आवाज जपलेला असला, तर बिघडलेले रेंडर उद्याही सुधारता येईल.