मिरजेचा स्वर आणि तीन मिनिटांची तबकडी

 मिरजेला आपले घर मानणारे किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या ध्वनिमुद्रिकांचा इतिहास पाहिला, तर पहिले ध्वनिमुद्रण आणि सर्वदूर लोकप्रियता यांत दोन दशकांहून अधिक अंतर पडल्याचे दिसते, आणि या अंतराचे कारण गायकाच्या तयारीइतकेच यंत्राच्या मर्यादेतही सापडते.

१९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणास आरंभ केला आणि १९०५ च्या सुमारास खाँसाहेबांचा आवाज प्रथम तबकडीवर उतरला. त्या काळी गायकाला कर्ण्यासमोर बसून मोठ्याने गावे लागे. त्याच्या आवाजाच्या दाबाने कंप पावणारी सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरी, आणि त्या चकतीवरून तयार केलेल्या साच्याने लाखमिश्रित तबकड्या छापल्या जात. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असल्याने, तासभर चालणाऱ्या ख्यालाचा, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार करणाऱ्या गायनप्रकाराचा, तेथे कोंडमारा होई. शिवाय खाँसाहेबांच्या गायकीचे मर्म असलेला हळुवार, रेंगाळणारा स्वर कर्ण्याच्या पकडीत पुरता येत नसे.

दरम्यान मिरजेच्या परिसरात, कर्ण्याच्या पकडीत न येणाऱ्या याच स्वराच्या सूक्ष्मतेचा शास्त्रीय विचार सुरू होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश ई. क्लेमेंट्स हे सप्तकातील २२ श्रुतींचे, म्हणजे कानाला वेगळ्या ओळखता येणाऱ्या सूक्ष्म स्वरांतरांचे, मोजमाप करीत होते आणि त्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. मिरजेत तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांची परंपरा तर एकोणिसाव्या शतकापासूनच नांदत होती.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवर आधारलेले विद्युत ध्वनिमुद्रण आले, मंद आवाजातील बारकावेही टिपले जाऊ लागले, आणि त्यानंतर ओडियन कंपनीने काढलेल्या खाँसाहेबांच्या तबकड्या भारतभर गाजल्या. या यशामागे त्यांची निवडही होती: झिंझोटी रागातील ठुमरीसारखी भावप्रधान रचना तीन मिनिटांतही पूर्णत्वास जाऊ शकत होती, आणि वसंत रागातील चीज गाताना त्यांनी लांब विस्तार टाळून रागाचे रूप पहिल्या काही स्वरांतच उभे केले. मैफलीचे निमंत्रण ज्याला कधीच मिळाले नसते, अशा श्रोत्यापर्यंत हे गाणे त्यामुळे पोहोचले. त्यांच्याच ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गाण्याच्या ओढीने घर सोडून निघाला. तोच पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून ओळखला गेला.

१९३७ मध्ये प्रवासात निधन झालेल्या खाँसाहेबांचे दफन मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे होणाऱ्या संगीत सभेत गायक-वादक आजही हजेरी लावतात. लाखेच्या तबकड्या मात्र ठिसूळ असतात, आणि तडकलेल्या तबकडीतील गाणे सहजासहजी पूर्ववत होत नाही. म्हणून सांगली-साताऱ्यातील ज्या घरांच्या माळ्यावर त्या अजून असतील, त्यांनी त्या भंगारात न देता संग्राहकांकडे अथवा ग्रंथालयांकडे सोपवाव्यात आणि त्यांचे डिजिटल जतन करून घ्यावे.