संगणकातील चालकाची सुरक्षित विलगता

शाळेतील गुणपत्रके असोत वा कार्यालयातील दाखले, काम चालू असता एखादे उपकरण अवेळी विलग केल्यास क्वचित संपूर्ण संगणकच ठप्प होतो व न साठविलेले काम नष्ट होते. याची कारणे व उपाय येथे थोडक्यात दिले आहेत.

धोका कोठे?

संगणक-प्रणालीचा मध्यवर्ती भाग म्हणजे गाभा अर्थात कर्नेल. कॅमेरा, पेनड्राइव्ह आदी उपकरणांशी त्याचा व्यवहार 'ड्रायव्हर' अर्थात चालकामार्फत चालतो. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्समध्ये बहुतेक चालक गाभ्याच्याच स्मृतीत वावरतात. सबब एकाची चूक साऱ्या यंत्रास भोवते.

चालक उपकरणापासून सोडविणे यास 'अनबाइंड' म्हणतात. त्या वेळी चालकाने आपली स्मृती मोकळी केली, परंतु एखादा प्रोग्रॅम उपकरण अद्याप वापरीत असला, तर मोकळ्या झालेल्या जागेचाच वापर होतो व यंत्र कोसळते. वापरातील चालकाचे मॉड्यूल काढण्यास गाभा नकार देतो. अनबाइंड मात्र चालकास नाकारता येत नाही. उपकरण हाताने ओढून काढल्यावर नकार कोणास देणार?

योग्य क्रम

निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ. तेथील वखार पाडावयाची झाल्यास शहाणा मालक प्रथम नवा माल घेणे थांबवील, हमालांचे चालू काम पुरे होऊ देईल आणि शेवटची पावती परत आल्यावरच भिंतीस हात लावील. चालकानेही तसेच करावे :

(१) उपकरणाची नोंद रद्द करून नव्या मागण्या थांबवाव्यात.
(२) उपकरणाचे संकेत व रांगेतील कामे बंद करावीत. चालू कामे संपेपर्यंत थांबावे.
(३) जुन्या वापरकर्त्यांस 'उपकरण उपलब्ध नाही' असे उत्तर द्यावे.
(४) वापरकर्त्यांची गणती शून्य झाल्यावरच स्मृती मोकळी करावी.

घेतलेली साधने आपोआप परत करण्याची सोय लिनक्समध्ये २००७ पासून आहे. तथापि ती चालक विलग होताच अमलात येते, शेवटच्या वापरकर्त्यासाठी थांबत नाही. म्हणून उघड्या फाइलशी निगडित स्मृती तिच्यावर सोपवू नये.

विद्यार्थी व वापरकर्त्यांसाठी

बेळगाव येथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. चालक-लेखन शिकणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्यांनी उपकरण उघडे ठेवून अनबाइंडची चाचणी अवश्य घ्यावी. मात्र ती कामकाजाच्या संगणकावर घेऊ नये. इतरांनी फायली बंद कराव्यात, 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा द्यावी व मगच उपकरण काढावे. क्षणभराची ही दक्षता दिवसभराचे श्रम वाचविते.