पोटाची नोकरी, मैदानाचं काम

लेखमाला : खेळ आणि पोटपाणी (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण खेळाडूसाठी असलेल्या नोकऱ्या पाहिल्या. शासकीय भरतीतलं ५ टक्के आरक्षण, रेल्वे, पोलीस, बँका. आता त्यापुढचा प्रश्न. कॉलेजच्या संघातून खेळलेला मुलगा किंवा मुलगी पंचविशीत येते, गुडघे कुरकुरायला लागतात, पण मैदान सोडवत नाही. गावातली पोरं ‘सर’, ‘मॅडम’ म्हणू लागतात. जामसंड्यात अशा माणसाला घरचे आणि शेजारचे एकच विचारतात : ‘तां सगळां बरां, पण नोकरी खंय करतंस?’

प्रश्न खोचक वाटतो, पण महाराष्ट्रातल्या नामवंत प्रशिक्षकांची आयुष्यं पाहिली की तो अगदी नेमका आहे हे कळतं. आपल्याकडे प्रशिक्षक उभा राहिला तो पदकांच्या जोरावर कमी आणि महिन्याच्या एक तारखेच्या जोरावर जास्त.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यापासून करू. रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२चा, मालवणचा. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. १९६३-६४च्या मोईनुद्दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले. तेंडुलकर, कांबळी, अमरे, चंद्रकांत पंडित हे शिष्य सगळ्यांना ठाऊक आहेत, पण या गोष्टीत स्टेट बँकेचा वाटा किती होता याचा विचार फारसा होत नाही. घर बँकेच्या पगारावर चालत होतं, म्हणून शिवाजी पार्कवरचा वेळ त्यांना फीच्या हिशेबात मोजावा लागला नाही. एखाद्या पोराला एका मैदानावरचा सामना संपल्यावर स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेणं पोट बाहेर भरत असेल तरच जमतं. १९९०मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१०मध्ये पद्मश्री.

रोहित शर्माचे प्रशिक्षक दिनेश लाड यांची वाटही हीच : पश्चिम रेल्वेत नोकरी आणि बोरिवलीच्या शाळेत प्रशिक्षण. रोहितच्या घरच्यांना त्या शाळेची फी झेपणारी नव्हती, लाडांनी शाळेशी बोलून ती माफ करून घेतली. शार्दूल ठाकूरचा पालघरहून रोजचा लोकलचा प्रवास वाचावा म्हणून त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. २०२२मध्ये त्यांना जीवनगौरव गटातला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या गावातून सरावाला जाणाऱ्या मुलाच्या पालकांना या दोन गोष्टींची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी वाट कॉलेजातून निघते आणि तिथे मुली पुढे आहेत. अंजली भागवत, तेव्हाच्या वेदपाठक, दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीसाठी गेल्या आणि तिथून नेमबाजीकडे वळल्या. सुमा शिरूर यांच्याही हातात बंदूक आली ती कॉलेजच्या एनसीसीतूनच. या दोघी आणि दीपाली देशपांडे वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्याकडे शिकल्या. अंजली २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा २००४च्या अथेन्समध्ये. दीपालीही अथेन्सला खेळल्या.

आपल्या लेखमालेच्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतर घडते. सुमा शिरूर यांनी पनवेलला ‘लक्ष्य’ ही संस्था काढली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी अवनी लेखरा ही त्यांची शिष्या. दीपाली देशपांडे राष्ट्रीय पातळीवर रायफल प्रशिक्षक झाल्या आणि त्यांचा शिष्य, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक घेऊन आला. सुमा यांना २०२२चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, दीपाली यांना २०२४चा.

स्वप्नीलच्या पाठीमागची साखळी उलगडून पाहा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला नाशिकमध्ये नेमबाजीत आणलं. मध्य रेल्वेने त्याला तिकीट तपासनिसाची नोकरी दिली. आणि शिकवायला होती एक माजी ऑलिंपियन, जिच्या तरुणपणी हीच वाट फार अंधारी होती. एका पिढीचा खेळाडू पुढच्या पिढीचा प्रशिक्षक होतो, तेव्हा पहिल्याला लागलेल्या ठेचा दुसऱ्याला लागत नाहीत.

तिसरी वाट सरकारी खात्याची, आणि आपल्या कबड्डीवेड्या जिल्ह्याने ती नीट समजून घ्यावी अशी. नाशिकच्या शैलजा जैन राज्याच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक होत्या. उभी कारकीर्द मुलींना कबड्डी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाने त्यांना बोलावलं. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी आली २०१०मध्ये. ते आणि २०१४चं, अशी दोन्ही सुवर्णपदकं भारताचीच. २०१८मध्ये जकार्तात अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. नाशिकच्या मैदानावर कमावलेलं ज्ञान पर्शियन बोलणाऱ्या मुलींच्या कामी आलं. खात्यातला प्रशिक्षक म्हणजे हजेरीपटावर सही करणारा माणूस, असा समज असलेल्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

चौथी वाट अलीकडची : प्रशिक्षण हाच पूर्णवेळ व्यवसाय. अमोल मुझुमदार ११ हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा काढूनही भारताकडून कधी खेळले नाहीत. २०१४मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी नेदरलँड्स, राजस्थान रॉयल्स, दक्षिण आफ्रिका अशा संघांत फलंदाजी शिकवली, २०२१मध्ये मुंबईचे प्रशिक्षक झाले आणि ऑक्टोबर २०२३मध्ये भारतीय महिला संघाचे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. चंद्रकांत पंडित केवळ पाच कसोटी खेळले, पण प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीन, विदर्भाला दोन आणि मध्य प्रदेशाला एक रणजी करंडक मिळवून दिला. दोघेही आचरेकरांच्या नेटमधले. गुरूचं घर बँकेच्या पगारावर चाललं, शिष्यांना प्रशिक्षणाचाच पगार मिळाला. मात्र हा पगार कराराचा असतो. संघ हरला की पुढच्या हंगामाची खात्री नाही. २०१४मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून कबड्डीतही थोड्यांना असं काम मिळू लागलं आहे.

आता देवगड-जामसंड्यातल्या मुलांनी यातून काय घ्यायचं? देवगडच्या स. ह. केळकर महाविद्यालयातून किंवा कणकवलीतून मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी कागदपत्रांची वाट अशी आहे.

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. लागतं. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एम.पी.एड.ला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते. तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर कापावं लागतं. केवळ शिकवायचंच असेल तर १९६१मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका सर्वांत वजनदार. तिला पदवीबरोबर खेळातली कामगिरीही विचारतात. वर्षभर घर सोडणं जमत नसेल त्यांच्यासाठी तिथलाच सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. फुटबॉलसारख्या खेळात महासंघाचे परवाने असतात, त्यांची सुरुवात ‘डी’ परवान्यापासून होते.

म्हणून खेळत असतानाच एक सवय लावून घ्या : प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागून घ्या आणि जपून ठेवा. नोकरीच्या अर्जाला आणि पुढच्या अभ्यासक्रमाला हाच कागद लागतो. ट्रॉफीचा फोटो चालत नाही.

अडचण उरते ती आपल्या भागाच्या वेळापत्रकाची. शहरातली प्रशिक्षण शिबिरं एप्रिल-मेच्या सुट्टीत भरतात, आणि नेमके तेव्हा आपल्याकडचे हात आंबा काढण्यात आणि पेट्या भरण्यात गुंतलेले असतात. जूनपासून मैदानात चिखल. उरतात ते दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे महिने, आणि त्यांत रात्रीच्या प्रकाशझोतातल्या कबड्डी स्पर्धा. अशा गावात प्रशिक्षक टिकायचा तर त्याला बाराही महिने पगार देणारं दुसरं काम हवं : शाळा, ग्रामीण बँक, नगरपंचायत, स्वतःची बाग, काहीही. गावाने आपल्या जुन्या खेळाडूचा सत्कार जरूर करावा, पण शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरून घेण्यासाठी आधी भांडावं. शाल-श्रीफळ एका संध्याकाळचं असतं. भरलेल्या जागेतून तीस वर्षं मुलं तयार होतात.

(पुढच्या लेखांकात : पंच आणि गुणलेखक. परीक्षा, मानधन आणि प्रवासखर्च.)